झुकिनी-दुधीचा पास्ता पाणचट होऊ नये म्हणून: भोपळा निवडण्यापासून डब्यापर्यंत

पास्त्याऐवजी झुकिनी वापरली आणि कढईत नुसतं पाणी झालं, ही तक्रार इतकी कॉमन झालीये की सोसायटीच्या ग्रुपवर कुणी फोटो टाकला की खाली पहिला प्रश्न तोच, "अगं पण पाणी सुटलं नाही का?" सुटतंच. झुकिनीत साधारण ९४-९५ टक्के पाणी असतं, दुधीत त्याहून किंचित जास्तच, आणि आपण काय करतो तर ती उकळत्या पाण्यात टाकतो, वरून पातळ सॉस ओततो आणि वर झाकण ठेवतो. मग त्याचा लगदा होतो आणि घरातले म्हणतात यापेक्षा सरळ दुधीची भाजी केली असती तर दोन घास जास्त खाल्ले असते. त्यांचं काही चुकत नाही.

साधी गोष्ट लक्षात ठेवा: पास्ता पाणी पितो, भोपळा (इथे झुकिनी, दुधी, लाल भोपळा सगळेच त्यात धरा) पाणी सोडतो. म्हणून पास्त्याची सगळी सवय इथे उलटी करायची. पास्त्याला सॉस थोडा सैल चालतो, इथे घट्ट लागतो. पास्ता सॉसमध्ये दोन मिनिटं शिजवला तर छान लागतो, इथे तेच केलं की संपलं. पास्ता उकळेपर्यंत बाजूला सॉस होतो, इथे सॉस पूर्ण तयार झाल्याशिवाय भोपळ्याला गॅसवर चढवायचंच नाही. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिलेत, मधला एखादा उडवलात तर पुढचे सगळे फसतात.

## आधी कॅलरीचा हिशोब, म्हणजे नंतर वाद नको

८० ग्रॅम कोरडा पास्ता म्हणजे एका माणसाची बेताची प्लेट, ती जवळपास ३०० कॅलरीची. ३०० ग्रॅम झुकिनी ५० कॅलरीच्या आसपास. म्हणजे अडीचशे वाचल्या. आता सॉसमध्ये 'हेल्दीच तर आहे' म्हणून माणशी दोन टेबलस्पून तेल ओतलंत तर ते झालं २४० कॅलरीचं, वर चीज किसलंत, झाली बरोबरी, मग पास्ताच खायचा ना. तेल माणशी दीड ते दोन टीस्पून, टेबलस्पून नाही, हे मोजून घाला, बाटलीतून डायरेक्ट नको.

दुसरं म्हणजे प्रोटीन. ८० ग्रॅम पास्त्यात साधारण दहा ग्रॅम प्रोटीन असतं, ३०० ग्रॅम झुकिनीत तीन-चार. नुसती झुकिनी आणि टोमॅटो खाल्लंत तर दोन तासांत भूक लागणार आणि मग चहासोबत फरसाण. त्यामुळे पनीर, मसूर, छोले, अंडी, चिकन, कोलंबी यातलं काहीतरी सॉसमध्ये पाहिजेच पाहिजे.

डायबेटिस असणाऱ्यांसाठी: इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असतील आणि रात्रीच्या जेवणातला पास्ता, पोळी, भात सगळं काढून फक्त भोपळा खाणार असाल तर आधी डॉक्टरांशी बोला. पिष्टमय पदार्थ एकदम कमी झाले आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर खाली जाऊ शकते.

## टप्पा १: कुठला भोपळा घ्यायचा

इथेच निम्मं काम होतं किंवा बिघडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

झुकिनी. हिरवी घ्या, पिवळी घ्या, चवीत फार फरक नाही. फरक पडतो तो साइझने. वीतभर लांब आणि दीड-दोन इंच जाड, एवढीच हवी. दंडाएवढी मोठी झुकिनी स्वस्त पडते म्हणून उचलू नका, तिच्या आत बियांचा स्पंजासारखा गाभा असतो, त्याची शेव पडत नाही आणि पाणी सगळ्यात जास्त तोच सोडतो. सालीवर चकाकी हवी, दाबल्यावर टणक लागली पाहिजे. सुपरमार्केटमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या ट्रेमध्ये आतून पाण्याचे थेंब दिसत असतील तर तो ट्रे तिथेच ठेवा, मुंबईच्या दमट हवेत तसली झुकिनी घरी येईपर्यंत चिकट झालेली असते, पावसाळ्यात तर हमखास. क्रॉफर्ड मार्केट, वांद्र्याचं पाली मार्केट, लोखंडवाला इथे सुटी मिळते, हातात घेऊन बघता येते.

आणि हो, घाईत काकडी उचलली जाते, हसू नका, होतं असं. झुकिनीचा देठ जाड, कोनाकोनाचा आणि लाकडासारखा कडक असतो, काकडीला तसा नसतो.

दुधी. झुकिनी नाही मिळाली किंवा महाग वाटली तर दुधी मस्त चालतो, आणि तो कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे बारा महिने असतो. सरळ, बारीक, फिकट हिरवा, अंगावर बारीक लव असलेला निवडा. पोट सुटलेला दुधी आतून बियाळ असतो. नख सहज रुतलं तर कोवळा, पण दहा दुधींना नखं मारत बसू नका, भाजीवाली ओरडेल आणि बरोबरच ओरडेल, जो आवडलाय त्याच्या देठाजवळ हळूच एकदा बघा. लक्षात ठेवा की वापरायचा फक्त बाहेरचा टणक गर, मधला मऊ भाग जाणार, म्हणून दोघांसाठी किलोभर तरी घ्या.

लाल भोपळा. हा सगळ्यात कमी त्रासाचा, पण याचा विचारच कोणी करत नाही. पाणी कमी सोडतो, आकार टिकतो, रंग सुंदर येतो. फक्त गोडसर असतो, त्यामुळे सॉस आंबट-तिखट लागतो. कापलेली फोड घेताना गर जाड, घट्ट आणि गडद केशरी बघा, बियांजवळ बुळबुळीत झालेली फोड नको. कार्ब्ज झुकिनीपेक्षा थोडे जास्त, १०० ग्रॅमला साडेसहाच्या आसपास, पण शिजलेल्या पास्त्यात तेवढ्याच वजनात ३० ग्रॅमच्या वर असतात, म्हणजे काळजीचं कारण नाही.

स्पॅगेटी स्क्वॉश. पिवळा, लांबट, कडक सालीचा. शिजवून काट्याने खरवडला की आपोआप शेवया निघतात तो हाच. मुंबईत दर आठवड्याला मिळेलच याची खात्री धरू नका, एक्झॉटिक भाज्यांच्या दुकानदाराला आधी सांगून ठेवायचं. त्याची पद्धत पूर्ण वेगळी आहे, खाली स्वतंत्र दिलीये.

पडवळ, शिराळं, घोसाळं या कामाला नकोत. पडवळ मधून पोकळ, आणि बाकी दोघं शिजल्यावर उरतात कुठे.

माप: झुकिनी माणशी २५० ते ३०० ग्रॅम. कच्ची असताना ढीग दिसतो, पिळून आणि परतून मूठभर होते, तेव्हा कमी घेऊ नका.

हे टाळूच नका: कापण्याआधी प्रत्येक दुधीचा आणि झुकिनीचा इवलासा तुकडा जिभेच्या टोकाला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि ती अख्खी फेकून द्या. या वर्गातल्या भाज्यांमध्ये कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य कधीकधी खूप वाढतं, ते विषारी असतं आणि शिजवल्याने जात नाही. कडू दुधीच्या रसाने आपल्याकडे माणसं दगावलीयेत, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीनेही चव घेऊन बघा आणि कडू असेल तर टाकून द्या असंच सांगितलंय. साखर, मीठ, सॉस घालून कडूपणा झाकायचा नाही. चुकून पोटात गेलं आणि उलट्या-जुलाब, पोटात कळा सुरू झाल्या तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ हॉस्पिटल.

## टप्पा २: हत्यारं

स्पायरलायझर, म्हणजे भाजीची लांब शेव काढायचं यंत्र, लगेच विकत घेऊ नका. मुंबईच्या लोहार चाळीत, ऑनलाइन, सगळीकडे प्लास्टिकचे मिळतात, पण बऱ्याच घरांत ते चार वेळा वापरून माळ्यावर जातात. सुरुवातीला घरातलं साधं सोलाणं घ्या. झुकिनीवर देठापासून टोकापर्यंत एकाच दाबाने ओढलं की लांब, रुंद, पातळ पट्ट्या निघतात, त्या फेटुचिनीच्या, म्हणजे रुंद पट्टीच्या पास्त्याच्या, जवळ जातात आणि दिसायलाही छान. शेवच पाहिजे असेल तर दातेरी सोलाणं मिळतं, ज्युलियन पीलर म्हणून मागा, तेवढं पुरतं. हात बसलेला असेल तर विळीवर किंवा सुरीने लांब पातळ काप काढून त्यांच्या काड्या करा.

किसणी मात्र नाही. किसलं की तो कीस झाला, त्याचे थालीपीठ-मुठिये करा.

याशिवाय लागेल: मोठी चाळण, स्वच्छ सुती पंचा (नवा असेल तर आधी दोनदा धुऊन घ्या, खळ जाते), आणि पसरट कढई किंवा मोठा पॅन. कढई रुंद हवी, खोल नको.

## टप्पा ३: सॉस आधी, पूर्ण, घट्ट

दोघांसाठी लाल सॉस:

अर्धा किलो टोमॅटो, लांबट जातीचे मिळाले तर बरं, त्यात गर जास्त असतो आणि रस कमी. एक मध्यम कांदा, सहा-सात लसूण पाकळ्या, तीन टीस्पून तेल, अर्धा टीस्पून लाल मिरचीचे तुकडे, ऑरेगानो (पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या ड्रॉवरमध्ये असतातच), मीठ अगदी बेताने. टोमॅटो उकळत्या पाण्यात एक मिनिट टाकून साल काढा आणि हाताने कुस्करा. मिक्सरला लावला तरी चालेल पण मग फेस येतो आणि आटायला वेळ लागतो.

तेलात लसूण मंद आचेवर सोडा, रंग बदलायला लागला की कांदा, तो मऊ झाला की टोमॅटो. आता झाकण न ठेवता मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं आटवा. अधूनमधून ढवळा, बाकी त्याला त्याचं काम करू द्या. मीठ शेवटी, आणि नेहमीपेक्षा निम्मं, कारण भोपळ्यालाही मीठ लागणार आहे.

तपासा: एक चमचा सॉस ताटलीत ठेवून ताटली थोडी तिरकी करा. बाजूने पाण्याचं कडं सुटलं तर सॉस झालेला नाही, अजून पाच मिनिटं. जागेवर बसून राहिला तर झाला. बहुतेकांचा सॉस या परीक्षेत नापास होतो कारण पास्त्याच्या सवयीने आपण तो जरा सैलच ठेवतो.

यातच प्रोटीन घाला. माझं मत विचाराल तर अख्खा मसूर, शिजवून पाणी पूर्ण काढलेला, एक वाटी, हा खिम्याच्या तोडीस तोड लागतो आणि सॉस आणखी घट्ट करतो. सोया ग्रॅन्यूल्स घालणार असाल तर भिजवून कोरडे पिळून. पनीरचे तुकडे शेवटी. चिकन खिमा असेल तर कांद्यानंतर घालून त्याचं पाणी पूर्ण आटलं की मगच टोमॅटो. कोलंबी सॉसमध्ये शिजवू नका, तिलाही पाणी सुटतं आणि रबर होते, वेगळ्या तव्यावर दोन-तीन मिनिटं परतून बाजूला ठेवा, थेट ताटलीत वर घालायची.

पांढरा सॉस आवडत असेल तर एक कप दुधाला एरवी आपण एक टेबलस्पून मैदा किंवा कणीक घेतो, इथे दीड घ्या. क्रीम नको, त्याची गरजच नाही, वर दिलेला कॅलरीचा हिशोब आठवा.

पण झुकिनीला सगळ्यात शोभतो तो हिरवा सॉस, कारण त्यात पाणी नसतंच. बेसिल मिळालं तर उत्तम, नाहीतर कोथिंबीर, धुऊन पूर्ण कोरडी केलेली, मूठभर भाजलेले शेंगदाणे, दोन लसूण पाकळ्या, हिरवी मिरची, लिंबू, तीन टीस्पून तेल. पाणी न घालता जाडसर वाटा, मिक्सर फिरत नसेल तर अजून थोडं लिंबू पिळा पण पाण्याचा तांब्या लांब ठेवा. जैन करायचं असेल तर लसूण काढून आमचूर आणि काळी मिरी, मजा कमी होत नाही.

सॉस झाला की गॅस बंद. आता भोपळ्याकडे वळायचं.

## टप्पा ४: कापणं

झुकिनी धुऊन *पुसून* घ्या. साल काढायची नाही, सालीमुळेच शेव धरून राहते. दोन्ही टोकं उडवा. सोलाणं ओढत जा, एका बाजूने चार-पाच पट्ट्या निघाल्या की झुकिनी फिरवा, पुन्हा चार-पाच, पुन्हा फिरवा. बिया दिसायला लागल्या की थांबा. उरलेला मधला दांडा बाजूला ठेवा, तो उद्याच्या सांबारात किंवा डाळीत जाईल.

दुधीची साल काढावी लागते. बाकी रीत तीच, पांढरा मऊ गाभा लागला की थांबायचं. सोललेला दुधी काळपट पडतो म्हणून पाण्यात टाकून ठेवायची आपली सवय आहे, ती इथे नको, आधीच ज्याला पाणी जास्त झालंय त्याला अजून पाण्यात कशाला बुडवता. लिंबाचे चार थेंब चोळा, पुरे. सालं फेकू नका, तीळ-खोबरं घालून चटणी होते.

लाल भोपळ्याची साल जाड असते, सोलाणं घसरतं आणि बोट कापतं. आधी सुरीने सपाट तुकडे करा, सपाट बाजू खाली ठेवून साल काढा, मग काड्या करा.

सुरीने किंवा विळीवर काड्या करणार असाल तर जाडी साधारण तीन मिलिमीटर. पारदर्शक दिसेल इतकी पातळ पट्टी परतताना विरघळते. लांबी वीतभर पुरे, स्पायरलायझरने हातभर लांब शेव निघाली की ती एकमेकांत गुंतते आणि मग सॉस एका बाजूला, गुंता एका बाजूला. कात्रीने दोन-तीन ठिकाणी कापून टाका.

## टप्पा ५: मीठ, थांबणं, पिळणं

हा टप्पा लोक गाळतात. झुकिनी आणि दुधी दोन्हीला लागतो, लाल भोपळ्याला नाही.

अर्धा किलो पट्ट्यांना अर्धा टीस्पून मीठ. जास्त नाही. परातीत घेऊन हलक्या हाताने सगळीकडे लावा, चाळणीत पसरा, चाळणीखाली भांडं ठेवा आणि पंधरा ते वीस मिनिटं हात लावू नका. मीठ पेशींमधलं पाणी बाहेर ओढतं, दहाव्या मिनिटाला खाली थेंब पडायला लागलेले दिसतील. तासभर विसरलात तर पट्ट्या लिबलिबीत होतील, मोबाइलवर टायमर लावा.

मग पंचा ओट्यावर पसरा, एका वेळी दोन मुठी पट्ट्या मधोमध ठेवा, पंचाची गुंडाळी करा आणि वरून दाबा. धुणं पिळल्यासारखा पीळ द्यायचा नाही, पट्ट्या तुटून चोथा होतो. दाबा, गुंडाळी उलटी करा, परत दाबा. पंचा ओला झाला की दुसरा घ्या. अर्धा किलोमधून निघालेलं पाणी वाटीत मोजलंत तर कळेल की एरवी हे सगळं तुमच्या सॉसमध्ये जात होतं.

तपासा: एक पट्टी बोटाभोवती गुंडाळा. न तुटता गुंडाळली गेली आणि बोट फारसं ओलं झालं नाही तर तयार आहे. कट्टकन मोडली तर अजून पाच मिनिटं थांबायला हवं होतं.

आणि एकदा खाऊन बघा. खारट लागली तर हात सैल सुटलाय, पटकन पाण्याखाली धरून पुन्हा दाबून कोरडी करा. सॉसमध्ये ॲडजस्ट होईल म्हणून सोडू नका, होत नाही.

घाई असेल आणि वीस मिनिटं नसतील तर मीठ अजिबात लावू नका, पट्ट्या पंचात नुसत्या टिपून घ्या, कच्च्याच ताटलीत ठेवा आणि वर गरम घट्ट सॉस घाला. मीठ लावून लगेच कढईत टाकणं हा मात्र सगळ्यात वाईट पर्याय, पाणी सुटायला नेमकी कढईतच सुरुवात होते.

## टप्पा ६: कढईवर, मिनिटभर

जेवणारी माणसं ताटावर बसल्याशिवाय हा टप्पा सुरू करू नका. मुलगा क्लासवरून निघालाय, नवरा दादरला पोचलाय, असल्या भरवशावर नाही.

सॉस बाजूला पुन्हा गरम करायला ठेवा. कढई मोठ्या आचेवर तापवा, एक टीस्पून तेल, फिरवून सगळीकडे लावा. पट्ट्या टाकल्याबरोबर चर्र आवाज आला पाहिजे, नाही आला तर कढई तापली नव्हती. एका वेळी एकाच माणसापुरत्या टाका. गर्दी केली की वाफ कोंडते आणि परतण्याऐवजी त्या आपल्याच पाण्यात उकडतात. नॉनस्टिक असेल तर रिकामा पॅन मोठ्या आचेवर ठेवू नका, तेल घालूनच मध्यम-मोठ्या आचेवर तापवा.

झुकिनीला एक ते दीड मिनिट. दुधीला तीन ते चार. चिमट्याने किंवा दोन काट्यांनी उचलून उलटपालट करा, उलथन्याने ढवळलं की तुकडे पडतात. झाकण नाही. मीठ नाही. पाण्याचा हबका तर नाहीच नाही.

लाल भोपळ्याच्या काड्या आधी मोदकपात्रात किंवा इडलीपात्रात तीन-चार मिनिटं वाफवा, शिटी न लावता, मग कढईत मिनिटभर. यांना सॉसच्या ऐवजी दोन टीस्पून तुपात लसूण, सुकी लाल मिरची आणि भाजलेले तीळ, वरून भरपूर लिंबू, एवढंच दिलं तरी पोटभर खाल्ल्या जातात. सोबत उकडलेलं अंडं किंवा पनीर विसरू नका.

तपासा: काट्यावर उचललेली पट्टी दोन्ही बाजूंनी खाली झुकली पाहिजे, पण चावताना किंचित करकर हवी. 'अजून जरा कच्ची वाटतेय' असं वाटतंय ना, तिथेच उतरवा, ताटलीत जाईपर्यंत स्वतःच्या गरमीने ती पुढे शिजते.

## टप्पा ७: ताटलीत, कढईत नाही

पट्ट्या थेट ताटलीत काढा. कढईत तळाला थोडं पाणी राहिलं असेल तर ते कढईतच राहू दे. वर सॉस घाला, चीज घालायचं तर माणशी एक क्यूब किसून, आणि लगेच खायला बसा. मिसळायचं ते खाणाऱ्याने आपापल्या ताटलीत. हिरवा सॉस असेल तर गॅस बंद करून कढईत मिसळला तरी चालतो.

मुलं आणि आजी-आजोबा पहिल्याच दिवशी ऐकणार नाहीत. त्यांच्यासाठी अर्धा पास्ता आणि अर्धी झुकिनी करा, पास्ता एखादं मिनिट कमी उकळा, निथळा, आणि मग दोन्ही एकत्र. इथे पास्ताच झुकिनीचं उरलंसुरलं पाणी ओढून घेतो, त्यामुळे ही आवृत्ती जवळपास फसतच नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा करणाऱ्यांनी इथूनच सुरुवात केलेली बरी.

## स्पॅगेटी स्क्वॉश मिळालाच तर

यातल्या शेवया सोलाण्याने काढायच्या नाहीत, त्या आत तयारच असतात. सगळे तो देठापासून उभा चिरतात आणि मग शेवया आखूड निघाल्या म्हणून खट्टू होतात. आतले तंतू फळाच्या भोवती गोल-गोल फिरलेले असतात, त्यामुळे उभी सुरी मारली की ते कापले जातात. आडवा चिरा, दीड इंच जाडीच्या चकत्या करा. साल फार कडक असते, सुरी अडकली तर जोर लावू नका, अख्खा स्क्वॉश काट्याने सात-आठ ठिकाणी खोल टोचून तीन-चार मिनिटं मायक्रोवेव्हला लावा, मग चिरा. न टोचता ठेवला तर आत वाफ कोंडून फुटू शकतो.

चकत्यांमधल्या बिया काढा, तेलाचा हात फिरवा, चिमूटभर मीठ. ओटीजीमध्ये २०० डिग्रीवर तीस-पस्तीस मिनिटं, मध्ये एकदा उलटा. काट्याने कडेकडून खरवडल्यावर तंतू सुटे झाले की झालं. चाळणीत पाच मिनिटं वाफ जाऊ द्या. कुकरमध्ये लावू नका, दोन शिट्यांत तंतूंचा गोळा होतो. हा पिळायची गरज पडत नाही, पण सॉस तरीही घट्टच.

## तरीही बिघडलं तर

ताटलीत पाणी जमलं: पट्ट्या काट्याने उचलून दुसऱ्या ताटलीत घ्या, खाली राहिलेलं पाणी आणि सॉस कढईत मोठ्या आचेवर दोन मिनिटं आटवा, परत वर घाला. सगळं एकत्र पुन्हा गॅसवर ठेवलं तर पाणी अजून वाढेल.

लगदाच झाला: आता तो पास्ता होणार नाही, हट्ट सोडा. त्यात बेसन, रवा, एक अंडं किंवा थोडं दही घालून तव्यावर धिरडी घाला.

चव सपक लागते: बहुतेक वेळा मीठ कमी नसतं, आंबटपणा कमी असतो. लिंबू पिळून बघा, मग मिठाकडे जा.

## डबा आणि उरलेलं

एकत्र केलेलं उरलं तर ते फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खाण्यात अर्थ नाही, पाण्यात तरंगत असतं. त्यामुळे उरलं तर वेगवेगळंच उरू द्या. सॉस फ्रिजमध्ये तीन दिवस राहतो. मीठ न लावलेल्या कच्च्या पट्ट्या डब्यात खाली-वर कोरडं सुती कापड किंवा टिश्यू घालून दोन दिवस. फ्रीझरमध्ये टाकू नका, बाहेर काढल्यावर नुसतं पाणी आणि साल उरते.

ऑफिसच्या डब्यात सॉस वेगळ्या, घट्ट झाकणाच्या डबीत द्या. मीठ लावून पिळलेल्या पट्ट्या वेगळ्या, न परतता. सकाळी सातच्या लोकलने निघून एकला जेवणार असाल तर तेवढ्या वेळात, उन्हाळ्यात तर नक्कीच, पांढऱ्या सॉसचा भरवसा नाही, लाल सॉस घ्या, आणि ऑफिसला फ्रिज असेल तर पोचल्यावर आत ठेवा. तिथे मायक्रोवेव्ह असेल तर फक्त सॉस दीड मिनिट गरम करा आणि पट्ट्यांवर ओता, पट्ट्या गरम करायच्या नाहीत. मायक्रोवेव्ह नसेल तर हिरवा सॉस, तो गारच चांगला लागतो.

पिळून निघालेलं पाणी ओतून देऊ नका, त्यात थालीपिठाची भाजणी किंवा पोळ्यांची कणीक भिजवा, फक्त वेगळं मीठ घालू नका, त्यात आधीच उतरलेलं असतं.